डेथ मेटलचा राहून गेलेला प्रयोग

कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर या शहरात २०११ साली स्थापन झालेल्या 'ब्लड इन्कँटेशन' या चौघांच्या बँडचा 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर' हा अल्बम ४ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रकाशित झाला आणि डेथ मेटल या कर्कश समजल्या जाणाऱ्या संगीतप्रकाराच्या वाटेला एरवी न जाणाऱ्या श्रोत्यांमध्येही त्याची चर्चा सुरू झाली. या अल्बममध्ये 'द स्टारगेट' आणि 'द मेसेज' अशा दोनच रचना असून पहिली सुमारे वीस, तर दुसरी सुमारे तेवीस मिनिटांची आहे. प्रत्येक रचनेचे तीन भाग पाडलेले आहेत आणि प्राचीन मेसोपोटेमियातील मातीच्या लेखपट्टिकांची आठवण करून देणारे 'टॅब्लेट' हे नाव त्या भागांना दिलेले आहे. 'प्रयोगशील' हे विशेषण या अल्बमला सर्रास लावले गेले. ते चुकीचे नाही, पण फार सहज हाती आलेले आहे. कारण या सुमारे त्रेचाळीस मिनिटांत ऐकू येणारे बहुतेक घटक सुटे सुटे पाहिले तर जुनेच आहेत. त्यांतील इलेक्ट्रॉनिक संगीत १९७० च्या दशकातील बर्लिनचे आहे, ऐसपैस पसरणारे गिटारवादन त्याच काळातील ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकचे आहे आणि डेथ मेटलच्या भागावर १९९० च्या आसपासच्या फ्लोरिडाचे संस्कार उघड दिसतात. जुन्याच सामग्रीतून उभ्या राहिलेल्या या कामाला प्रयोग कोणत्या अर्थाने म्हणायचे, हा प्रश्न त्यामुळे टाळता येत नाही, आणि त्याच्या उत्तरासाठी डेथ मेटलच्या इतिहासात सुमारे तीस वर्षे मागे जावे लागते, कारण तेथे एक काम अर्धवट पडून राहिले होते.

डेथ मेटल हा हेवी मेटलचा उपप्रकार १९८० च्या दशकात मुख्यतः अमेरिकेत आकाराला आला. चक शुल्डिनर यांच्या 'डेथ' या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर' (१९८७) आणि 'मॉर्बिड एंजल'चा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९) हे त्याचे आरंभीचे मानदंड मानले जातात आणि फ्लोरिडातील टॅम्पा येथील मॉरिसाउंड हा स्टुडिओ या संगीताचे एक प्रमुख केंद्र बनला. या प्रकारात गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खालच्या स्वरांत लावलेल्या असतात आणि त्यांचा विद्युतसंदेश मुद्दाम इतका वाढवला जातो की त्याच्या लहरींचे शेंडे कापले जाऊन मूळ स्वरात नसलेले उपस्वर निर्माण होतात. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. एकाच तारेवर प्लेक्ट्रम अतिशय वेगाने खालीवर फिरवून स्वर सलग धरून ठेवण्याची 'ट्रेमोलो पिकिंग' ही पद्धत आणि स्नेअर, बास ड्रम व झांज यांवर अखंड वेगवान आघात करण्याची 'ब्लास्ट बीट' ही पद्धत हे या संगीताचे दोन आधार होत. गायनात खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या कृत्रिम स्वरतंतूंचा वापर करून घशातून खोल गुरगुराट काढला जातो, ज्यात शब्द बहुधा कळत नाहीत आणि ते कळावेत अशी अपेक्षाही नसते.

मात्र या सर्व लक्षणांपेक्षा महत्त्वाची, आणि बाहेरच्या श्रोत्याच्या सहसा ध्यानात न येणारी, गोष्ट म्हणजे या संगीताची बांधणी. चित्रपटगीतात मुखडा आणि अंतरा यांचे जसे फिरून फिरून येणे असते, तसे डेथ मेटलच्या गाण्यात असेलच असे नाही. त्याचे मूळ एकक 'रिफ' हे आहे. रिफ म्हणजे गिटारवर वाजणारा, काही मात्रांचा, पुन्हा पुन्हा येणारा स्वरवाक्यांश. एक रिफ चार किंवा आठ वेळा वाजतो, मग दुसरा येतो, मग तिसरा, आणि अनेकदा पहिला रिफ परत येतच नाही. अशा साखळीत नवी कडी घालणे सोपे असते. जाझचा तुकडा घाला, सिंथेसायझरचा घाला, ध्वनिक गिटारचा घाला, साखळी तुटत नाही. पण ती साखळीच राहते, तिची रचना होत नाही. डेथ मेटलमधील बहुतेक प्रयोगांचे यशापयश नव्या कडीवर कमी आणि दोन कड्यांमधल्या सांध्यावर जास्त अवलंबून राहिलेले आहे.

१९९० ते १९९३ या काळात फ्लोरिडातील काही तरुण वादकांनी हा सांधा शोधण्याचा गंभीर प्रयत्न केला. 'नॉक्टर्नस' या बँडने 'द की' (१९९०) या अल्बममध्ये कीबोर्ड आणि विज्ञानकथा एकाच वेळी डेथ मेटलमध्ये आणल्या. 'एथिस्ट'ने 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' (१९९१) मध्ये जाझची लयकारी आणली. या अल्बमच्या बासवादनाची घडण करणारा त्यांचा तरुण वादक रॉजर पॅटरसन ध्वनिमुद्रणाआधीच १९९१ च्या आरंभी रस्त्यावरील अपघातात मरण पावला. खुद्द 'डेथ' या बँडने 'ह्यूमन' (१९९१) साठी पॉल मास्विडाल आणि शॉन रायनर्ट या 'सिनिक' बँडच्या दोघांना सोबत घेतले. पुढे 'सिनिक'चा 'फोकस' (१९९३) आला, त्यात गुरगुराटाच्या जोडीला यंत्रातून घडवलेला मानवी आवाज होता आणि जाझ-रॉकचे मृदू स्वरसमूह होते. त्याच वर्षी नेदरलँड्समधील 'पेस्टिलन्स'ने 'स्फिअर्स' मध्ये गिटार-सिंथेसायझर वापरला. या दोन अल्बमांचे स्वागत जवळपास सारखेच झाले. डेथ मेटलच्या निष्ठावंत श्रोत्यांना ते परके वाटले, इतरांपर्यंत ते पोहोचले नाहीत आणि १९९४ पर्यंत 'सिनिक', 'एथिस्ट' व 'पेस्टिलन्स' हे तिन्ही बँड विसर्जित झाले. त्यांतील प्रत्येकाने दशकभराहून अधिक काळानंतर पुनरागमन केले हे खरे, परंतु त्या मधल्या काळात डेथ मेटलची मुख्य वाट अधिक वेग, अधिक काटेकोरपणा आणि अधिक क्रौर्य यांच्याकडे वळली होती.

अपवाद नव्हते असे नाही, आणि ते वगळून 'ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर'ची थोरवी सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्वीडनमधील 'एज ऑफ सॅनिटी'ने 'क्रिमसन' (१९९६) हा चाळीस मिनिटांचा एकच सलग डेथ मेटल खंड रचला. 'ओपेथ'ने १९९५ पासूनच गुरगुराट आणि स्वच्छ गायन, विद्युत गिटार आणि ध्वनिक गिटार यांची ये-जा आपली शैली म्हणून रूढ केली. कॅनडातील 'गॉर्गट्स'ने 'ऑब्स्क्युरा' (१९९८) मध्ये रिफ या एककाचीच मोडतोड केली. इकडे मुंबईत साहिल माखिजा यांनी २००० साली स्थापन केलेल्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'ने डेथ आणि ब्लॅक मेटलमध्ये कीबोर्ड दीर्घकाळ वापरला आणि पुढे 'दशावतार' (२०१७) हा विष्णूच्या अवतारांवर बेतलेला अल्बमही काढला. पण 'डेमॉनिक रिझरेक्शन'मध्ये, आणि तशा शैलीच्या बहुतेक बँडांमध्ये, कीबोर्ड वाद्यवृंदाचा भव्य पडदा उभारतो आणि गिटार त्याच्या पुढे वाजते. १९९३ च्या प्रयोगकर्त्यांचा प्रश्न वेगळा होता. परक्या संगीताला पडद्यामागे न ठेवता डेथ मेटलच्या बरोबरीने बसवता येईल का, हे त्यांना पाहायचे होते.

'ब्लड इन्कँटेशन'मध्ये पॉल रीडल हे गिटारवादक व गायक, मॉरिस कोलॉन्टिर्स्की हे दुसरे गिटारवादक, आयझॅक फॉक हे ड्रमवादक आणि जेफ बॅरेट हे बासवादक आहेत. बॅरेट यांची बास गिटार पडदे नसलेली आहे. सतारीच्या पडद्यांप्रमाणे गिटारच्या मानेवर ज्या धातूच्या पट्ट्या असतात त्या तिच्यावर नसल्याने एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेसारखे घसरत जाता येते आणि गिटारच्या घट्ट भिंतीखाली एक ओलसर, हलता थर तयार होतो. हे वाद्यही 'ह्यूमन' आणि त्याच्या आसपासच्या अल्बमांची आठवण करून देते. 'स्टारस्पॉन' (२०१६) या बँडच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या अल्बमची पहिलीच रचना तेरा मिनिटांची होती. 'हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस' (२०१९) मध्ये चारच रचना होत्या आणि शेवटची अठरा मिनिटांची होती. हे दोन्ही अल्बम चुंबकीय फितीवर, जुन्या ॲनालॉग पद्धतीने मुद्रित केले गेले. त्यानंतर २०२२ मध्ये 'टाइमवेव्ह झिरो' आला आणि त्यात डेथ मेटल औषधालाही नव्हते. सिंथेसायझरचे दोन लांब प्रवास, त्यांचे प्रत्येकी चार भाग, ना ब्लास्ट बीट, ना गुरगुराट. निष्ठावंतांपैकी अनेकांनी नाके मुरडली. वस्तुतः तो या बँडचा अभ्यासवर्ग होता, कारण दुसऱ्या परंपरेचा एखादा तुकडा उसना आणण्याआधी ती परंपरा तिच्या स्वतःच्या गतीने वीस वीस मिनिटे वाजवून पाहण्याचे कष्ट १९९३ च्या पिढीने फारसे घेतले नव्हते. एक लक्षणीय स्वतंत्र कृती म्हणून मात्र 'टाइमवेव्ह झिरो' फिका आहे. त्यातील स्वर सुंदर आहेत, पण त्यांना कोठे जायचे आहे हे त्यांनाच ठाऊक नसल्यासारखे वाटते.

अभ्यासानंतर गुरुगृही जावे, तसा हा बँड २०२३ च्या उन्हाळ्यात बर्लिनच्या हान्झा स्टुडिओत गेला. पॉट्सडामर प्लाट्झजवळ केथेनर श्ट्रासे या रस्त्यावर, शीतयुद्धाच्या काळात बर्लिनच्या भिंतीला जवळजवळ खेटून असलेल्या इमारतीत हा स्टुडिओ आहे आणि त्यातील 'माइस्टरझाल' हे उंच छताचे दालन मूळचे मैफली व समारंभांचे सभागृह. डेव्हिड बोवी यांच्या 'हीरोज' (१९७७) या गीताचे ध्वनिमुद्रण येथलेच. त्या गीताच्या गायनासाठी निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी तीन मायक्रोफोन लावले होते, एक तोंडाजवळ, दुसरा सुमारे वीस फुटांवर आणि तिसरा सुमारे पन्नास फुटांवर, आणि दूरचे दोन अशा रीतीने जोडले होते की गायकाचा आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे चढला तरच ते एकामागोमाग उघडावेत. त्यामुळे आवाज जसजसा चढतो तसतसे त्याच्याभोवतीचे दालन ऐकू येऊ लागते. जागा ही वाद्याप्रमाणे वाजवण्याची वस्तू आहे, ही जाणीव या इमारतीच्या इतिहासात मुरलेली आहे. जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीतातील अग्रगण्य गट 'टँजरीन ड्रीम' यांनीही आपला 'फोर्स माज्युअर' (१९७९) येथेच मुद्रित केला होता.

'टँजरीन ड्रीम' एडगर फ्रोझे यांनी १९६७ मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये स्थापन केला. 'फेड्रा' (१९७४) या अल्बमपासून त्यांच्या संगीताचा कणा बनलेले यंत्र म्हणजे सीक्वेन्सर. हे यंत्र आठ किंवा अधिक टप्प्यांवर निरनिराळा विद्युतदाब ठरवून देते, एकामागून एक टप्पा ठरावीक गतीने चालवत राहते आणि सिंथेसायझर त्या दाबाचे स्वरांत रूपांतर करतो. वादकाने बोट न हलवता स्वरांची एक माळ तासन्‌तास फिरत राहते आणि वादकाचे काम त्या माळेचा रंग, उंची व तीव्रता हळूहळू बदलत नेणे एवढेच उरते. त्या काळातील यंत्रे तापमानाला इतकी हळवी होती की उपकरणे तापली की स्वर सरकत आणि 'फेड्रा'मध्ये ते सरकणे ऐकूही येते. फ्रोझे २०१५ मध्ये निवर्तले. २००५ पासून गटात असलेले थॉर्स्टन क्वेशनिंग त्यांच्यानंतर गटाचे नेतृत्व करतात आणि 'द स्टारगेट'च्या दुसऱ्या टॅब्लेटमध्ये तेच वाजवतात. त्यांच्याखेरीज स्वीडनमधील 'हॅलास' या रॉक बँडचे निक्लस मालमक्विस्ट यांनी कीबोर्ड वाजवला आहे आणि जर्मन डेथ मेटलमधील माल्टे गेरिके पाहुणे गायक म्हणून आहेत. निर्मिती फिलाडेल्फियाचे आर्थर रिझ्क यांची आहे. 'पॉवर ट्रिप'च्या 'नाइटमेअर लॉजिक'पासून (२०१७) त्यांचे नाव मेटलच्या जगात विशेष मानाने घेतले जाते.

सीक्वेन्सर आणि ब्लास्ट बीट यांच्यात एक नाते आहे, आणि ते ओळखणे हेच या अल्बमचे खरे श्रेय म्हणावे लागेल. एका मिनिटात दोनशेहून अधिक ठोक्यांच्या गतीने ब्लास्ट बीट बराच वेळ चालू राहिला की कान आघात मोजणे सोडून देतो आणि सुट्या ठोक्यांचा एक सलग पृष्ठभाग ऐकू लागतो. ट्रेमोलोने छेडलेल्या गिटारचेही तेच होते. सतारीवरील झाल्यात चिकारीचे आघात दाट होत गेले की आघातांच्या जागी एक झगमगता अखंड नाद उरतो, तोच हा अनुभव. सीक्वेन्सरची माळही काही मिनिटांनी अशीच पृष्ठभाग बनते. म्हणजे एकीकडे संगीतातील सर्वांत हिंस्र समजला जाणारा प्रकार आणि दुसरीकडे सर्वांत शांत समजला जाणारा प्रकार, हे दोन्ही यंत्रवत पुनरावृत्तीतून स्थिरता निर्माण करतात. १९९३ मध्ये डेथ मेटलला जाझशी जोडू पाहणाऱ्यांना हा आधार उपलब्ध नव्हता, कारण जाझ क्षणोक्षणी बदलते आणि डेथ मेटलचा रिफ हट्टाने तोच राहतो. त्यांचा सांधा मेहनतीचा होता, पण तो सांधा म्हणून सतत जाणवत राहिला. 'ब्लड इन्कँटेशन'ने डेथ मेटलला त्याच्याशी खोलवर जुळणाऱ्या जोडीदाराशेजारी बसवले.

या जोडणीला लागणारा अवकाश तबकडीच्या एका बाजूने दिला आहे. कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये आणलेल्या, मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या लाँग प्लेइंग तबकडीच्या एका बाजूवर सुमारे वीस ते तेवीस मिनिटांचे संगीत बसते आणि ही तांत्रिक मर्यादा पुढे एक रचनाप्रकार बनली. 'पिंक फ्लॉइड'ने 'मेडल' (१९७१) या अल्बमची एक संपूर्ण बाजू 'एकोज'ला दिली, 'येस'ने 'क्लोज टू द एज' (१९७२) या शीर्षकरचनेला दिली, 'क्राफ्टवेर्क'ने 'आउटोबान'ला (१९७४) दिली. हिंदुस्तानी संगीताच्या मराठी श्रोत्याला हे प्रकरण अपरिचित नाही, कारण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीत साडेतीन मिनिटांत राग आटोपण्याच्या सक्तीतून याच लाँग प्लेइंग तबकडीने गायकांची सुटका केली, आणि उस्ताद अमीर खाँ यांची एका बाजूला मारवा व दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली तबकडी आजही अनेक घरांत ऐकली जाते. वीस मिनिटे ही मैफलीतल्या विस्ताराच्या मानाने थोडीच. तरी त्यात विलंबित लयीला आपले वजन दाखवण्याइतकी सवड मिळते.

मेटलसाठी मात्र ही बाजू अडचणीची आहे. तबकडीवरील खाच म्हणजे ध्वनिलहरीचीच कोरलेली आकृती असल्यामुळे आवाज जितका मोठा आणि खर्ज जितका भरीव, तितके खाचेचे वळण रुंद होते आणि तितकी कमी मिनिटे एका बाजूवर मावतात. शिवाय तबकडी ठरावीक गतीने फिरत असली तरी केंद्राजवळ वर्तुळ लहान होत गेल्याने सुईखालून प्रत्येक सेकंदाला सरकणाऱ्या खाचेची लांबी बाहेरच्या कडेच्या तुलनेत निम्म्याहून कमी होते आणि झांजेसारखे उंच स्वर बोथट होऊ लागतात. तेवीस मिनिटांची बाजू भरायची म्हणजे आवाजाची पातळी उतरवणे आले. सतत कमाल पातळीवर वाजणाऱ्या संगीताला हे परवडत नाही. ज्यात शांत प्रदेश भरपूर आहेत आणि मोठा आवाज जपून खर्च केला आहे, त्याला परवडते. डिजिटल माध्यमांवर हा अल्बम सहा तुकड्यांत मिळतो आणि तुकड्यांनी ऐकला की तो चांगला असूनही विस्कळीत वाटतो, याचे कारण इथे आहे.

'द स्टारगेट'ची पहिली टॅब्लेट इलेक्ट्रॉनिक स्वरांच्या हलक्या उसळीने उघडते आणि काही क्षणांतच डेथ मेटल पूर्ण ताकदीने आदळते. नेहमीच्या रीतीप्रमाणे पुढे रिफांची साखळी चालू राहील असे वाटत असताना ड्रम मंदावतात, गिटारवरचे डिस्टॉर्शन उतरते आणि एक निवांत, डोलणारा प्रदेश लागतो, ज्यात गिटारचे एकेक वाक्य मोकळी जागा सोडत येते. हा सांधा जाणूनबुजून उघडा ठेवलेला आहे. येथे श्रोत्याला दचकवायचेच आहे. त्याच्या उलट, पहिल्या टॅब्लेटकडून दुसरीकडे जाण्याची क्रिया जवळपास अदृश्य आहे. क्वेशनिंग यांची सीक्वेन्सरची माळ आणि मेलोट्रॉनच्या धाटणीचा धूसर स्वर (मेलोट्रॉन हे १९६३ पासूनचे ब्रिटिश वाद्य, त्याची प्रत्येक पट्टी दाबली की आत सुमारे आठ सेकंदांची मुद्रित फीत सरकते आणि बासरी किंवा व्हायोलिनचा खराच, पण किंचित डळमळता आवाज ऐकू येतो) एवढ्यावर संगीत तोलून धरलेले आहे. ड्रम येतात तेही माळेचाच एक मणी असल्यासारखे. वजन थेंबाथेंबाने वाढत जाते आणि तिसऱ्या टॅब्लेटचा हल्ला सुरू होतो तेव्हा तो हल्ला न वाटता आधीच्या पृष्ठभागाचा रंग गडद झाल्यासारखा वाटतो. ही वीस मिनिटे या बँडच्या आजवरच्या कामातली सर्वोत्तम आहेत, आणि १९९३ मध्ये जे काम सोडले गेले होते ते येथे पुढे गेलेले दिसते.

या संगीताला चिकटलेल्या कल्पनाविश्वाबद्दल मात्र इतके कौतुक करता येत नाही. अल्बमचे नाव सापेक्षतेच्या परिभाषेत अवकाशकालाच्या अशा प्रदेशाला दिले जाते, जेथवर एखाद्या घटनेचा प्रकाश पोहोचू शकत नाही आणि जेथून प्रकाश त्या घटनेपर्यंत येऊ शकत नाही; परंतु बँडने ते १९७० च्या दशकातील त्याच नावाच्या ब्रिटिश रॉक बँडवरून घेतले आहे. त्या बँडचा 'इन सर्च ऑफ एन्शंट गॉड्स' (१९७६) हा अल्बम एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकांवर आधारलेला होता आणि त्यात 'येस'चे माजी ड्रमवादक बिल ब्रुफर्ड यांनी वादन केले होते. प्राचीन संस्कृतींचे देव म्हणजे परग्रहांवरून आलेले अंतराळवीर, हा १९६८ पासून गाजलेला डॅनिकेन यांचा दावा मराठी वाचकालाही नवा नाही, डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णी यांच्या 'पृथ्वीवर माणूस उपराच!' या पुस्तकाने तो मराठी घरांत कधीच पोहोचवला. 'हिडन हिस्टरी ऑफ द ह्यूमन रेस' हे बँडच्या आधीच्या अल्बमचे नावही एका पुस्तकाचेच आहे: मायकल क्रेमो आणि रिचर्ड थॉम्पसन या इस्कॉनशी संबंधित लेखकांच्या 'फॉरबिडन आर्किऑलॉजी' (१९९३) या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती त्याच नावाने निघाली होती आणि मानव पृथ्वीवर कोट्यवधी वर्षे आहे, हा पौराणिक कालगणनेशी जुळणारा दावा त्यात आहे. पुरातत्त्वशास्त्रज्ञांनी हे दोन्ही दावे फेटाळलेले आहेत. त्याहून खटकणारी बाब अशी की इजिप्तचे पिरॅमिड किंवा माया लोकांची नगरे त्या त्या लोकांनी बांधलीच नाहीत असे सुचवताना या विचारात युरोपबाहेरच्या कारागिरांच्या बुद्धीवर अविश्वास दाखवला जातो. विज्ञानकथेचे नेपथ्य म्हणून हे साहित्य रंगतदार आहे, स्टीव्ह डॉड यांनी रंगवलेल्या जुन्या विज्ञानकथा-मुखपृष्ठांच्या धर्तीच्या चित्राला ते शोभतेही. पण गंभीर तत्त्वज्ञान म्हणून ते पुढे केले जाते तेव्हा गुरगुराटात शब्द ऐकू येत नाहीत हे बरेच म्हणायचे.

'द मेसेज' ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाकांक्षी आहे आणि अधिक विषमही आहे. तिची पहिली टॅब्लेट रिफांच्या गुंतागुंतीवर उभी आहे आणि तेथे फॉक यांचे ड्रमवादन विशेष लक्ष देऊन ऐकावे, कारण अतिवेगातही झांजेवरचे बारीक काम ते सोडत नाहीत. दुसऱ्या टॅब्लेटमध्ये रीडल स्वच्छ आवाजात गातात. डेथ मेटलच्या गायकाने असे गाण्यात आता बंडखोरी उरलेली नाही, 'ओपेथ'ने ती केव्हाच संपवली. येथे अडचण वेगळी आहे. पहिल्या बाजूवर बर्लिनचे संगीत बर्लिनच्याच वादकाकडून, त्याच्या अंगभूत तर्कासह आले होते. येथे 'पिंक फ्लॉइड'ची छाया मात्र उसन्या पोशाखासारखी दिसते. सुरावट गोड आहे, गिटारचा स्वर हुबेहूब आहे, आणि तो हुबेहूब असल्यामुळेच काही मिनिटे एखादा उत्तम नकलाकार ऐकत असल्याचे वाटते. सांधाही येथे सैल पडतो, कारण गाण्याला सुरुवात आणि शेवट असतात, तर सीक्वेन्सरच्या माळेला ते नसतात. गाणे संपल्यावर पुढचे काही सुरू करावेच लागते.

अकरा मिनिटांहून लांब असलेली तिसरी टॅब्लेट ही उणीव बरीचशी भरून काढते. तीत वेग आणि वजन वारंवार बदलतात, संथ रिफ इतके ताणले जातात की प्रत्येक आघाताचा विझता नाद वेगळा ऐकू यावा, आणि आधीच्या पाच टॅब्लेटांत सुटे सुटे आलेले आवाज येथे एकमेकांच्या अंगावर रचले जातात: पडदे नसलेल्या बासची मींड सिंथेसायझरच्या खालून जाते, गुरगुराट गिटारच्या लांबलेल्या स्वरात विरतो. तरीही पहिल्या बाजूच्या मधल्या भागात साधलेली अदृश्य चढण येथे पुन्हा साधलेली नाही. अनेक ठिकाणी जुनी साखळीच, अधिक श्रीमंत कड्या घेऊन, परत आलेली आहे. क्वेशनिंग यांच्यासारखा दुसऱ्या परंपरेत वाढलेला वादक या बाजूच्या रचनेतही सुरुवातीपासून असता तर ती कशी घडली असती, हा प्रश्न पुढच्या अल्बमसाठी या चौघांनीच सोडवायचा आहे.